येताना, असताना

फ्रेंचमध्ये वर्तमानकालवाचक धातुसाधित बनवणं अगदी सोपं. 'नू'चं, म्हणजे 'आम्ही'चं रूप घ्यायचं, शेवटचा 'ओं' काढायचा आणि 'आँ' बसवायचा. पार्लों–पार्लाँ, फिनिसों–फिनिसाँ. अपवाद तीनच: एताँ, एयाँ, साशाँ, असणे, जवळ असणे आणि जाणणे या क्रियापदांचे. पुण्यात अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्या आमच्यासारख्यांचे ते हक्काचे मार्क. लिंग-वचनाची कटकटही नाही. अकादेमी फ्रान्सेजनं १६७९ सालीच ती मिटवली. विशेषण झालं तर मात्र रूप बदलतं. 'नदी वाहत होती' आणि 'वाहती नदी' यांत आपणही न शिकता तेच करतो.

या रूपाआधी आणखी एक 'आँ' लावला, लिहायला वेगळा, ऐकायला तोच, की झाला जेरोंदिफ. 'आँ पार्लाँ', बोलताना. बंगळुरूला आल्यावर वसंतनगरच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा त्याची खरी अट कळली: दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. पुढे यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद हातात आले आणि ही अट रोजचीच झाली. 'झाकण उघडताना यंत्र बंद होतं' हे जेरोंदिफात घातलं, तर यंत्र स्वतःच स्वतःचं झाकण उघडतं! मग वाक्य मोडून 'तुम्ही झाकण उघडलंत की' असं लिहायचं.

मराठी 'ताना' एवढा हिशेब मागत नाही. 'मी येताना पाऊस लागला.' येणारी मी, लागणारा पाऊस, तक्रार कुणाचीच नाही. मल्लेश्वरमच्या घरमालकीणबाई जिन्यातून हाक मारायच्या, 'बर्ता हालु तगोंड बन्नी'. कन्नड अजून यायचं होतं, पण त्या 'बर्ता'तल्या 'ता'नं आपलेपणा दाखवला आणि येताना दूध आणायचंय एवढं उमगलं.

माझ्या आयुष्यातलं मोठं म्हणावं असं बहुतेक या सैल 'ताना'तच घडलं. मी परीक्षेच्या तयारीत असताना गावी आजी गेली. मी पुस्तिका तपासत असताना शेजारच्या खोलीत मुलगी मैत्रिणींशी कन्नडमध्ये भांडायला शिकली. एकच कर्ता मागितला, तर यातलं एकही वाक्य उभं राहत नाही.

फ्रेंचांनाही हे ठाऊक असावं. 'लापेती व्हिएँ आँ माँजाँ', खाता खाता भूक वाढते, ही त्यांची जुनी म्हण. खाणारा एक, येणारी भूक दुसरीच. नियमात न बसणारी ही म्हण आमच्या बाई नियम शिकवून झाला की हमखास उदाहरण म्हणून द्यायच्या.