सातवी आज्ञा आणि आठवी

येवल्यात पैठणीच्या दुकानात एका गिऱ्हाइकासमोर दहा-बारा साड्या उलगडल्या जातात. घड्या घालताना एक कमी भरली, की पगारातून कापले जाण्याच्या भीतीने नोकराची नजर प्रथम साध्या लुगड्यातील बाईकडे वळते. दुकानांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अशा वेळी काय करावे?

आम्हांस वाटते, आधी गादीवरचा माल पुन्हा मोजावा. संशय उरलाच तर तिला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, ‘ताई, आणखी काही बांधून द्यायचे आहे का?’ एवढेच विचारावे. विसरलेल्याला आठवते; मोहात पडलेल्याला परतीची वाट मिळते. पिशवी मात्र हिसकावू नये. पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच, सभ्यता राखून घ्यावी लागते. चोरी डोळ्यांदेखत झाली असेल, तर मालकाला सांगावे व त्याने पोलिसांना कळवावे.

योसेफाचा चांदीचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत सापडला, तरी बन्यामीन निर्दोष होता. पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी मानणे हा आठव्या आज्ञेचा भंग होय, असे ख्रिस्तसभा शिकवते. सातवी आज्ञा मालाला जपते, आठवी माणसाच्या नावाला. साडीची भरपाई होऊ शकते. भर पेठेत गेलेल्या अब्रूची कोण करणार?