बैल आणि औतं

१९९८ साली नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी आबांनी शहाद्याला जुना लेथ आणला. गावाला वाटलं, पोरांचं भलं झालं, आता पैसाच पैसा.

पण नुसता लेथ म्हणजे लोखंडाचा ओंडका. सोबत थ्री जॉ चक होता. त्यात गोल शाफ्ट धरता येतो. पंपाचं वेडंवाकडं बीड धरायला फोर जॉ लागतो. आतून कातायला बोरिंग बार, आटे पाडायला टॅप-डाय, तेही प्रत्येक मापाचे निराळे. बेअरिंग बसवायचं तर मायक्रोमीटर हवाच. तिथं केसाएवढा फरकही चालत नाही. कार्बाइडच्या टूलला साध्या ग्राइंडरच्या दगडावर धार येत नाही, त्याला हिरवा दगड लागतो. तोही आणला.

दोन हंगामांच्या मिरचीचे पैसे या हत्यारांत गेले. ताईचं लग्न वर्षभर लांबलं. लोक म्हणायचे, "मशीन तर केव्हाची आली, मग अडलं कुठं?"

माय एकदाच बोलली, "मशीन म्हंजे बैल शे, भाऊ. वखर-नांगर लागसच."

आज आमच्याकडं ऊस आणि केळीवाल्यांच्या मोटारींची रांग असते. कोणी पोरगा लेथची किंमत विचारायला आला, की मी सांगतो : जेवढे मशीनला, तेवढेच हत्यारांना बाजूला ठेव. एकदम सगळं घेऊ नको. जसं काम येईल, तसं हत्यार घे. आणि घरच्यांना हा हिशेब आधी सांग.