विस्तव आणि विरजण

आग जिवंत असते असं मी जवळजवळ पंचवीस वर्षं मानत होते, आणि वर्गात तसं बोलतही होते. आता मानत नाही. हे मत सोडताना मला समाधान वाटलं नाही. बाबांनी दिलेलं काहीतरी हातून निसटल्यासारखं वाटलं. म्हणून लिहिते आहे.

बाबा १९६१ मध्ये अमरावतीहून भिलाईला आले आणि ब्लास्ट फर्नेसवर लागले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या भट्टीचं उद्घाटन झालं होतं. त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे रिसालीत क्वार्टर मिळालं. माझं सगळं वाढणं तिथलंच. शिफ्टवरून आले की बाबा भट्टीविषयी घरातल्या माणसासारखं बोलत. वरून दल्ली-राजहराचं खनिज, कोक, चुनखडी घालायची. ते तिचं खाणं. खालून हजार अंशांच्याही वर तापवलेली हवा सोडायची. तो तिचा श्वास. ठरावीक वेळाने तोंड उघडून लोखंड आणि मळी बाहेर काढायची. मधेच माल अडकला की ती रुसली, हवा कमी पडली की गुदमरली. दिवाळीच्या दिवशीही बाबा ड्यूटीवर जात, कारण तिला उपाशी ठेवून चालत नसे. रात्री कारखान्याच्या बाजूचं आभाळ लालसर झालं की आई म्हणायची, ‘जागी आहे बघ.’

मी जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा सजीवांची लक्षणं फळ्यावर लिहून मुलांना विचारायचे, यातलं आगीत काय नाही? ती खाते, वाढते, श्वास घेते, राख टाकते, वारा आला की वाकते, एका ठिणगीतून दुसरीकडे जन्म घेते. उलट खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, म्हणून त्याला कुणी निर्जीव म्हणत नाही. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि प्राण्याचा श्वास हे संथ ज्वलनच आहे असं मांडलं, हेही सांगायचे. फॅरेडेने तर मेणबत्तीवरच्या व्याख्यानमालेचा शेवट माणसाच्या श्वासापाशी आणला. आपण जळतो म्हणून जगतो, मग जळणारी ती जिवंत का नाही? मुलं गप्प होत. त्या गप्प होण्याला मी उत्तर समजत होते.

एक आक्षेप मला माहीत होता. आगीला आनुवंशिकता नाही. १९९४ मध्ये नासाच्या अभ्यासकांनी जीवसृष्टीची जी कामचलाऊ व्याख्या स्वीकारली, तिचा गाभाही हाच आहे: स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. मी ते वाचलं होतं, मुलांना सांगितलंही होतं. पण ते मला कागदावरचं वाटे. भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला असल्या व्याख्या कोण ऐकवणार?

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुर्ग-भिलाईत घरोघरी आजार होता. बाबा ऐंशीचे होते. कारखान्याचा ऑक्सिजन तेव्हा टँकरमधून दवाखान्यांकडे जात होता. पोलाद करताना ज्याचा झोत सोडतात तोच वायू, फक्त माणसाला देण्याइतका शुद्ध. बाबांच्या तोंडावर मास्क होता आणि मला वाटत होतं की ते आणि त्यांची भट्टी एकाच श्वासावर आहेत. आयुष्यात कधी नव्हे इतकी माझी त्या कल्पनेवर श्रद्धा होती. सहाव्या दिवशी बाबा गेले.

भाऊ पुण्याहून येऊ शकला नाही. मी आणि आई, दोघीही आजारी, घरात बंद. दहा दिवसांचा दिवा मीच लावला. चौथ्या रात्री मला ताप होता, डोळा लागला. पहाटे पाहिलं तर दिवा शांत झालेला. मी घाबरून काडी ओढली आणि तो पुन्हा लागला. तेवढाच उंच, तसाच पिवळा. आई उठली, तिने हात जोडले. तिला काहीही कळलं नाही, आणि कळण्यासारखं काही नव्हतंच. त्या ज्योतीत आधीच्या ज्योतीचं काही नव्हतं, आणि काही कमीही नव्हतं.

तेव्हा मला बाबांचंच एक सांगणं आठवलं, जे मी इतकी वर्षं सोयीने बाजूला ठेवलं होतं. मोठ्या दुरुस्तीला भट्टी पूर्ण विझवतात, आतल्या विटा काढून नव्या लावतात, मग लाकूड आणि कोक भरून पुन्हा पेटवतात. नंबर तोच राहतो. बाबा त्याच भट्टीवर परत कामाला जात.

त्याच आठवड्यात आमचं दही गेलं. त्या दिवसांत कुणाचंच लक्ष नव्हतं. भांड्यावर बुरशी धरली. ते साधं दही नव्हतं. १९६२ मध्ये आजी पहिल्यांदा बडनेऱ्याहून गाडीत बसून दुर्गला उतरली तेव्हा तिच्या पिशवीत एक वाळलेलं फडकं होतं. घरच्या दह्यात बुडवून सावलीत वाळवलेलं. इथे आल्यावर तिने ते कोमट दुधात टाकलं आणि सकाळी गावचं दही लागलं. तेव्हापासून ते रोज लागत होतं.

आजी शेजारणींकडून दोन्ही मागायची, सिगडीसाठी विस्तव आणि कधी नडलं तर विरजण. विस्तव तेलुगू आंटींचा आणला काय की खालच्या छत्तीसगढी काकींचा, भाकरी सारखीच भाजायची. विरजणाला मात्र ती निवडक होती. ‘इस्तव कोनाचाबी चालते वो पोरी, दही ज्याचं त्याचं असते,’ असं म्हणायची. मी बीएससी झाले, एमएससी झाले, आणि हे वाक्य आजीची हौस म्हणून सोडून दिलं. पण सगळा फरक त्यात होता. वाळलेल्या फडक्यात जीव निपचित पडून राहिला, कारण पुढे काय व्हायचं ते त्याच्या आत लिहिलेलं होतं. विस्तव असा वाळवून ठेवता येत नाही. राखेखाली झाकलेला निखारासुद्धा मंद जळतच असतो. थांबला की संपला, आणि नवा पेटवला तर जुन्याची उणीव राहत नाही. जे गेल्यावर उणीव राहत नाही त्याला मी जिवंत कसं म्हणू?

आईने दुसऱ्या कुणाचं विरजण आणून दही लावलं. दूध तेच, भांडं तेच. चिकट आणि जास्त आंबट झालं. आईने एक घास घेऊन वाटी खाली ठेवली आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली.

तेलुगू आंटी आता पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत. आमचं विलगीकरण संपलं त्या दिवशी त्यांनी फाटकावर स्टीलचा झाकणाचा डबा अडकवला आणि रस्त्यावरूनच हाक मारली, ‘दीदी, ये आप ही लोगों का है. आपकी सास से लिया था.’

रात्री आईने कोमट दुधात त्यातलं चमचाभर घातलं, भांडं टॉवेलात गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि मला म्हणाली, ‘हलवू नकोस हं.’