मेला तरी मधेच उभा राहणारा काटा

तर झालं असं, की बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचे दोन काटे एकाच पावसाळ्यात गेले. एक पेट्रोलचा, एक इंजिनाच्या तापमानाचा. रत्नागिरीची खारी हवा, तांब्याच्या तारा हिरव्या पडतात इथे. जुना मीटर शोधायचा म्हटलं तर ही गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या.

मी म्हटलं, छोटा स्क्रीन लावतो, आकडाच दाखवतो. बाबा म्हणाले, "अरे, आकडा वाचायला चष्मा लागतो. काटा नुसता दिसतो." मुद्दा बिनतोड होता. मग काटाच करायचा ठरला. प्रश्न एवढाच, की तो फिरवायचा कशाने?

पहिला एसजी९० सर्व्हो आणला. तीन तारा, १८० अंश, पाच मिनिटांत चालू. पण उभा असतानाही घूं घूं करत थरथरायचा. दुसरी २८बीवायजे-४८ ही गिअरवाली स्टेपर मोटर. एका फेरीला २०४८ पायऱ्या, म्हणजे बारकाईला तोड नाही. पण गिअरमध्ये ढिलाई, आणि मुख्य म्हणजे आपण कुठे उभे आहोत हे तिला कधीच माहीत नसतं.

तिसरी एक्स२७.१६८. ही खास गाड्यांच्या काट्यांसाठीच बनवलेली. ३१५ अंश फिरते, एका अंशाला तीन पायऱ्या. कॉइलला करंट इतका कमी लागतो, की आर्डुइनोच्या पिनांना थेट जोडता येते. आत एक अडथळा असतो. गाडी चालू झाली की काटा मागे नेऊन त्यावर टेकवायचा आणि त्याला शून्य म्हणायचं. बस्स! काटा इतका अलगद फिरला, की मी आईला बोलावून दाखवला. दोन्ही काट्यांना हीच मोटर लावून टाकली.

मग एका रविवारी आम्ही तिघं कोल्हापूरला निघालो. हातखंबा, पाली, साखरपा... काटा बरोबर मधे. बाबा खूश. आंबा घाट अर्धा चढलो असू, तेवढ्यात कसलासा गोडसर वास आला आणि बॉनेटमधून वाफ! काट्याकडे बघितलं तर तो मधेच. बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "पण काटा तर मधे आहे रे!" त्या "पण"मध्ये माझ्यावरचा सगळा विश्वास होता, हे मला अजून टोचतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नसतं, म्हणून तासभर आई कठड्यावर बसून होती. हेड गॅस्केट थोडक्यात वाचलं.

घरी येऊन बघतो तर आर्डुइनोला वीज देणारी तार सुटलेली. कधी सुटली देव जाणे, साखरप्याच्या आधीच बहुतेक. स्टेपर मोटरला स्प्रिंग नसते. वीज गेली की काटा होता तिथेच राहतो, आणि आतले गिअर त्याला खड्ड्यांतही हलू देत नाहीत. म्हणजे माझा प्रोग्रॅम मेला होता आणि काटा मात्र शेवटची चांगली बातमी सांगत उभा होता. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडलेला आणि पडद्यावर हिरवा दिवा असतो, तसलाच हा प्रकार! ऑफिसात मी यावरून लोकांशी भांडतो, आणि घरच्या गाडीत मीच तेच केलं.

मोटर निवडताना मी वेग बघितला, बारकाई बघितली, आवाज बघितला. काट्याला काहीच कळेनासं झालं तर तो काय करील, हे विचारलंच नाही.

मग तापमानासाठी साधा १ मिलिअँपिअरचा पॅनेल मीटर घेतला, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसला. चुंबकात कॉइल आणि तिला केसासारखी बारीक स्प्रिंग. वीज गेली की स्प्रिंग काट्याला शून्यावर ओढते. नवी पट्टी छापताना "थंड" शून्यावर न ठेवता थोडं पुढे ठेवलं. कारखान्यांतले सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअर वापरतात ते याचसाठी. ४ म्हणजे कमीत कमी माप, आणि ० म्हणजे तार तुटली. सेन्सरचं माप अशक्य आलं तरी काटा शून्यावर जातो. प्रोग्रॅम लटकला तर वॉचडॉग आर्डुइनोला पुन्हा सुरू करतो, नाहीतर पिनेवरचे पल्स तसेच चालू राहिले असते आणि पुन्हा तीच गोष्ट.

हा मीटर खड्ड्यात थरथरतो, जेमतेम ९० अंश फिरतो, दिसायला एक्स२७ च्या पासंगालाही पुरत नाही. पेट्रोलला मात्र एक्स२७ च ठेवली. तिथे काटा अडकला तर फार तर गाडी थांबेल, इंजिन जळणार नाही.

परवा बाबांनी गाडी चालू ठेवून, मला न सांगता, ती तार उपटली. काटा धपकन खाली. पुन्हा लावली, काटा वर. असं तीनदा केलं.

"हं, आता जाऊ कोल्हापूरला," म्हणाले.