कलमांच्या आधी मेलेली मुलगी

‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ आमच्या लहानपणी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ही बातमी हमखास असायची. नाव, वय, लग्नाला किती वर्षं झाली ते. सासूच्या हातून स्टोव्ह भडकल्याचं मात्र कधी वाचल्याचं आठवत नाही. माझी आतेबहीण अशाच चार ओळींत मावली.

आत्यानं तक्रार केली नाही. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. तेराव्यानंतर भांडीकुंडी, दागिने मागायलाही कुणी गेलं नाही. ताईचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी चहा टाकायला उठे. रेशनच्या रॉकेलच्या रांगेत आत्या नंतर कधी उभी राहिली नाही. कार्ड शेजारणीकडे देई. तिला भित्री म्हणणारे पुष्कळ भेटले. मी म्हणणार नाही. तिच्यापाशी उभं राहायला होतं कोण?

दिल्लीच्या सत्याराणी चढ्ढांबद्दल मी पुष्कळ उशिरा वाचलं. १९७९ साली त्यांची गरोदर मुलगी सासरी जळून मेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जावयाला स्कूटर हवी होती. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून होताच, म्हणून त्या कोर्टात गेल्या. तिथं कळलं की कायद्याच्या लेखी हुंडा म्हणजे लग्नाचा मोबदला. लग्न होऊन गेल्यावर मागितलेली स्कूटर त्यात बसत नाही. अक्षता पडल्या की मागण्या थांबतात, असं मानणाऱ्यांनी आपली घरं कधी पाहिलीच नसावीत.

सत्याराणी रस्त्यावर उतरल्या. शीबा छाछी यांनी १९८० च्या हुंडाविरोधी निदर्शनात त्यांचं छायाचित्र टिपलं. दहा वर्षांनी पुन्हा एक टिपलं, सर्वोच्च न्यायालयासमोर. खटला तेव्हाही चालूच होता. दरम्यान शाहजहाँ आपा त्यांच्या सोबतीला आल्या. त्यांचीही मुलगी अशीच जळून गेलेली. या दोन आयांनी १९८७ साली ‘शक्तिशालिनी’ उभी केली. सासरहून जीव घेऊन निघालेल्या बाईला तिथं आसरा मिळू लागला. मला मोर्च्यांपेक्षा हेच मोठं वाटतं. ‘आता तेच तुझं घर’ म्हणून किती मुलींना माहेरच्यांनीच परतीच्या गाडीत बसवलं! रात्री-अपरात्री आलेल्या पोरीला आधी जेवायला वाढणारं, मग विचारपूस करणारं घर हवं होतं. त्याचे फोटो छापून येत नाहीत.

आमच्या पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा गेली. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मांडलं, नारी समता मंच उभा राहिला. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पतीवरच्या खुनाच्या खटल्यात पुराव्यात आली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पतीला निर्दोष सोडलं. आत्यानं निकालाची बातमी दोनदा वाचली आणि म्हणाली, “यांनी पत्रं ठेवली तरी होती. मी आमची बंबात घातली.” ताईच्या पत्रांबद्दल तिच्या तोंडून ऐकलेलं हे एवढंच.

देशभरातल्या बायकांच्या रेट्यानं कायदे बदलले. १९८३ मध्ये छळासाठी कलम ४९८-अ आलं. १९८४ आणि १९८६ च्या दुरुस्त्यांनी हुंड्याची व्याख्या रुंदावली, लग्नानंतरची मागणीही तिच्यात आली. १९८६ मध्येच ३०४-ब आलं: लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी. सत्याराणींच्या मुलीला यातलं काहीच लागू नव्हतं. नवा गुन्हा जुन्या मृत्यूला लावता येत नाही. आईनं ज्यासाठी चपला झिजवल्या, ती कलमं दुसऱ्यांच्या मुलींच्या कामी आली, आणि हे ठाऊक असूनही ती तारखांना जात राहिली. मला थक्क करतं ते हे.

२००० साली जावई आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल दोषी ठरला. २०१३ मध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. तो काही शरण आला नाही. सत्याराणी २०१४ मध्ये गेल्या. शक्तिशालिनीचं काम दिल्लीत चालू आहे.