अंगणातल्या चुली

पाऊस लागला की मलावीतल्या आमच्या मिशन हॉस्पिटलात मुलांचा वॉर्ड मलेरियाने भरून जातो. एकेका खाटेवर दोन-दोन मुलं, आर्टेसुनेटची इंजेक्शनं, रक्त द्यायला नातेवाइकांची शोधाशोध. वीज गेली की ऑक्सिजनचं यंत्र थांबतं, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत आपलाही श्वास अडकतो.

या आठवड्यात मलेरियाने मलाच गाठलं. खिडकीतून बाहेरच्या चुली दिसत होत्या. रुग्णाचं जेवण इथे घरचं माणूसच रांधतं. मक्याच्या पिठाचं न्सिमा, सोबत भोपळ्याचा पाला. डॉ. अल्बर्ट श्वाइत्झरने १९१३ मध्ये गॅबॉनमध्ये लांबारेनेला दवाखाना उभारला, तिथेही नातेवाईक असेच सोबत राहत, रांधत. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. औषध आम्ही देतो. रात्रभर जागतं ते घरचं माणूस.

माझं इथे कुणी नाही. तरी एक आजी मक्याची पातळ पेज घेऊन आली आणि मी ती संपवेपर्यंत बसून राहिली. तापापेक्षा त्या बसण्यानेच मला जास्त रडू आलं. का, ते अजून नीट कळत नाही.

त्या आजीची वॉर्डातली नात शुद्धीवर आलीय, फिट थांबल्यात. पण तिची नजर अजून कशावरच ठरत नाही. मेंदूच्या मलेरियानंतर दृष्टी हळूहळू परतू शकते, असं मी आजीला सांगितलंय. उद्या पुन्हा तपासायचंय.