घरची कुऱ्हाड

कुऱ्हाडीवर काय लेख लिहायचा, असे वाचक बंधुभगिनींना वाटेल. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे आमच्या मायच्या नावावरही गॅस आला. पण सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात. म्हणून चहा आणि घाईचा स्वयंपाक गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी मायनेच करून टाकली. तुराट्या-पऱ्हाट्या गुडघ्यावर मोडतात. बाभळीच्या ओंडक्याला मात्र कुऱ्हाडच लागते.

घरातली कुऱ्हाड ढिली झाली होती. माय ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवी. लाकूड फुगले की पाते घट्ट बसे. पण उन्हात दांडा वाळला की पहिल्यापेक्षा जास्त ढिले होई. एके दिवशी घाव घालतानाच पाते निसटले आणि दहावीतल्या माझ्या मुलीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळले. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपल्या सभांत फुटीर कार्यकर्त्याला टोमणा मारायला फार वापरतात. मीही वापरली आहे. त्या दिवशी ती माझ्याच अंगणात खरी होता होता राहिली.

नवी घ्यायचे ठरले, तशी मुलीने आपली मागणी पुढे केली. सीमेपलीकडच्या निर्मलची लाकडी खेळणी तिने पाहिली होती. ती पोनिकीच्या नरम लाकडाची असतात. आपल्याकडे पोनिकी नाही, तर आंब्याच्या फांदीतून चाटू, बैल कोरायचे, असे तिने ठरवले होते. तिला हलकी कुऱ्हाड हवी, आजीला जड. आणि माझ्याजवळ पैसे एकीचेच.

मी बी. कॉम. झालेला कारकून, हिशेब येतो, लोखंड कळत नाही. बाजारात दुकानदाराशी गिऱ्हाइके 'गोड्डली' म्हणत तेलुगूत भाव करीत होती, मी मराठीत केला. सगळ्यांत स्वस्त पाते लाल रंगाने चमकत होते. शेजारचे सुतारमामा बरोबर होते. त्यांनी खिशातली कानस काढून धारेवर हलकेच फिरवली, तर ती लोण्यात रुतावी तशी रुतली. म्हणाले, "हे दोन दिवसांत बोथट होतंय. पाणी दिलेलंच नाही." कानस अगदीच घसरली तर धार ठिसूळ, तिचा तुकडा उडतो, जेमतेम चावली तर बरोबर. शिवाय तुंब्यातून, म्हणजे दांडा बसतो त्या भोकातून, एक डोळा मिटून बघायचे. पाते वाकडे बसणार असेल तर तिथेच कळते.

शेवटी रस्त्याकडेच्या घिसाड्याच्या पालावर गेलो. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे पाते त्याने आमच्यादेखत घडवले. बायको घण मारीत होती, तो सांडशीने पाते फिरवीत होता. वजन आठशे ग्रॅम, गाल फार जाड नाहीत. जड कुऱ्हाड लाकूड लवकर फोडते खरी, पण तिने कोरता येत नाही. हलकीने दोन घाव जास्त घालून फोडताही येते. मोठ्या ओंडक्याला लोखंडी पाचर लावावी आणि ती घणाने ठोकावी, कुऱ्हाडीच्या पाठीने नाही. पाते तीनशे पन्नासला ठरले, तीनशे हातात होते. वर त्याने बजावले, "विजेच्या चाकावर धार लावू नका. धार निळी पडली की पाणी उतरलं." आता आम्ही दगडावरच लावतो.

दांडा मामांनी वाळलेल्या बाभळीचा केला. गाठ नसलेला, रेषा टोकापर्यंत सरळ गेलेल्या. ओल्या लाकडाचा दांडा नंतर आकसतो. आमची जुनी ढिली झाली ती त्यानेच. वरून सुकी पाचर ठोकली आणि जवसाचे तेल पाजले.

कुऱ्हाड घरी आली तेव्हा माय ती बराच वेळ हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "तुझ्या आज्याकडं कुऱ्हाड नव्हती रे." निजामाच्या राज्यात आजा पाटलाच्या वाड्यावर आणि दौऱ्यावर आलेल्या अंमलदारासाठी लाकडे फोडायचा. बिनमजुरीची वेठ. कुऱ्हाड वाड्याची, संध्याकाळी परत द्यायची. घरच्या चुलीला आजी काटक्या वेचून आणी. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, हे मी भाषणात कितीदा सांगितले असेल. आमच्या आज्याच्या हातातली कुऱ्हाड कोणाची होती, हे मात्र मायला कधी विचारले नव्हते.

मुलीचा पहिला चाटू तडकला, कारण तिने तो उन्हात वाळवला. दुसरा सावलीत वाळवला. थोडा वाकडा आहे, पण माय पिठले त्यानेच हलवते. लाकूड फोडताना इतरांनी लांब उभे राहायचे, हा नियमही तिनेच घातला आहे. घिसाड्याचे पन्नास रुपये द्यायचे राहिले होते. पगार झाल्यावर गेलो तर पाल उठले होते. सुतारमामा म्हणतात, पोळ्याच्या आधी ते पुन्हा येतात.